मॉनिटरसाठी एन्क्लोजर किती मोठं हवं: माती, दिवे आणि मधली उरलेली जागा

माझ्या पहिल्या ॲकी मॉनिटरचं, म्हणजे घोरपडीच्या कुळातल्या एका छोट्या सरड्याचं, एन्क्लोजर (राहायची पेटी) कागदावर चोख होतं. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. आत २५ सेंटिमीटर माती भरली, छताला दिवा टांगला आणि दिव्याखाली जेमतेम वीतभर जागा उरली. ऊन खायला रचलेला दगड काढून टाकावा लागला, कारण तो ठेवला तर प्राण्याची पाठ दिव्याला टेकली असती. दिव्याचे वॅट कमी केले, तर दिव्याखालची जागा तापेना. वाढवले, तर दुपारपर्यंत अख्खी पेटी भट्टीसारखी होई. तो जीव दिवसातला बराच वेळ काचेच्या दाराच्या फटीशी नाक लावून पडून असायचा. ते कुतूहल नाही, तो गारवा शोधतोय, हे माझ्या लक्षात यायला चार महिने गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. एन्क्लोजरचं बाहेरचं माप आणि आत प्राण्याला मिळणारी जागा ही दोन वेगळी मापं आहेत. माती, दिवे, पाण्याचं भांडं, ओंडके हे सगळं आत गेल्यावर काय उरतं, त्यावरून निर्णय घ्यायचा.

आणखी एक गोष्ट मापांच्या आधीची. आपल्याकडच्या रानात दिसणारी घोरपड हीसुद्धा मॉनिटरच. ती साइट्स, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे आणि भारतात ती पकडणं, पाळणं किंवा विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. मॉनिटरच्या इतर सर्व जातीही साइट्सच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात येतात. त्यामुळे पुढचं सगळं वाचायचं ते कायदेशीररीत्या, कागदपत्रांसह आलेल्या आणि शक्यतो पाळीव जोडीपासून जन्मलेल्या प्राण्यासाठी. कागद नसेल तर पेटी बांधायला घेऊच नका.

पायरी १ : पिल्लाकडे पाहू नका, पूर्ण वाढलेला प्राणी डोळ्यांसमोर आणा

मॉनिटर हे एकच कुळ, पण त्यातल्या जातींच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक. ऑस्ट्रेलियातला आखूड शेपटीचा मॉनिटर पंचवीस सेंटिमीटरच्या आत संपतो, तर कोमोडो ड्रॅगन तीन मीटरपर्यंत जातो. त्यामुळे ‘मॉनिटरसाठी किती मोठी पेटी?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी जात पक्की करा.

पाळल्या जाणाऱ्या काही जातींची पूर्ण वाढ झाल्यावरची एकूण लांबी साधारण अशी: ॲकी मॉनिटर ६० ते ७० सेंटिमीटर. सॅव्हाना मॉनिटर ९० ते १२० सेंटिमीटर. हिरवागार एमराल्ड ट्री मॉनिटर ७५ ते १०० सेंटिमीटर. व्हाइट-थ्रोटेड मॉनिटर सव्वा ते दीड मीटर. नाइल मॉनिटर दीड ते दोन मीटर, कधी त्याहून जास्त. आशियाई वॉटर मॉनिटर, म्हणजे पाणघोरपड, दीड ते दोन मीटर सहज. श्रीलंकेतल्या कँडीच्या तळ्यावरच्या एका वॉटर मॉनिटरची लांबी ३.२१ मीटर नोंदली गेली आहे.

विकत घेताना ही सगळी पिल्लं जवळपास सारखीच वाटतात. नाइल मॉनिटरचं पिल्लू तर काळ्या अंगावरच्या पिवळ्या ठिपक्यांमुळे इतकं देखणं असतं की माणूस पुढचा विचारच करत नाही. नीट खाणारं सॅव्हानाचं किंवा नाइलचं पिल्लू वर्षभरात ओळखू येणार नाही इतकं वाढतं. ‘आत्ता लहान पेटी, मग बघू मोठी’ हा बेत म्हणूनच फसतो. मोठी पेटी कुठे आणि कशी उभी राहणार, हे प्राणी घरी येण्याआधी ठरलेलं हवं.

पायरी २ : प्राणी मोजायचा कसा

दोन लांब्या लागतात. पहिली नाकाच्या शेंड्यापासून अवस्करापर्यंत, म्हणजे शेपटीच्या मुळाशी पोटाकडून दिसणाऱ्या आडव्या चिरेपर्यंत. ही धडाची लांबी. दुसरी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, ती एकूण लांबी. सॅव्हानाची शेपूट धडाएवढीच असते. वॉटर मॉनिटरची धडाच्या दीडपट असते, आणि ट्री मॉनिटरची जवळजवळ दुप्पट, कारण ती फांदीला गुंडाळून धरायच्या कामाची असते.

प्राण्याला हातात ताणून मोजू नका. तो पेटीत सरळ पसरून ऊन खात असेल तेव्हा नाक आणि शेपूट कुठल्या खुणेपाशी आली ते बघा, तो हलला की टेप लावा. किंवा शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढा.

शेपूट मोजायची गरज काय, असं काहींना वाटतं. पाल शेपूट टाकते आणि तिला नवी फुटते. मॉनिटरचं तसं नाही. तो शेपूट सोडून देत नाही आणि तुटली तर ती परत येत नाही. अरुंद पेटीत वळताना शेपूट सतत कोपऱ्यात दुमडत राहिली, दारात चिमटली किंवा टोकाला जखम होऊन ते वाळून गळलं, तर ते नुकसान आयुष्यभराचं.

पायरी ३ : जमिनीचं क्षेत्रफळ

मी वापरतो तो ठोकताळा असा: लांबी प्राण्याच्या एकूण लांबीच्या किमान दुप्पट, रुंदी किमान एकूण लांबीएवढी. ही खालची मर्यादा समजा. जागा असेल तर त्याहून मोठंच करा.

रुंदी प्राण्याच्या लांबीएवढी का, तर वळण्यासाठी. मॉनिटर सापासारखा स्वतःभोवती वेटोळं घालत नाही. त्याला अर्धवर्तुळात फिरून माघारी यावं लागतं. अडीच मीटर लांब पण पाऊण मीटरच रुंद पेटीत सॅव्हाना ठेवला, तर तो बोळात अडकल्यासारखा होतो. पुढे जायचं, भिंत आली की अंग घासत वळायचं.

लांबी हवी ती दोन कारणांनी. एक म्हणजे उष्णता, त्याबद्दल पुढे येतंच. दुसरं म्हणजे चाल. बरेच सरडे एका जागी दबा धरून बसतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झेप घेतात. मॉनिटर चालत चालत शिकार शोधतो. दुभंगलेली जीभ बाहेर काढत, वास घेत, प्रत्येक भेग आणि पालापाचोळा उकरत तो मैदान पिंजून काढतो. त्याचं शरीरही त्यासाठीच घडलंय. सरड्यांना साधारणपणे पळताना नीट श्वास घेता येत नाही, कारण धड वाकवणारे आणि छाती फुलवणारे स्नायू तेच असतात. मॉनिटर गळ्याची पिशवी भात्यासारखी हलवून हवा फुप्फुसात ढकलतो आणि चालताचालता दम टिकवतो. अशा प्राण्याला दोन पावलांत संपणारी पेटी दिली तर तो खाऊन पडून राहतो आणि चरबी धरतो. पाळीव सॅव्हानामध्ये लठ्ठपणा आणि यकृतावर चरबी चढणं या तक्रारी फार दिसतात. त्यात चुकीच्या खाण्याचा वाटा मोठा आहे, पण चालायलाच जागा नसणं हेही कारण तितकंच खरं.

क्षेत्रफळ काढताना आतल्या वस्तू वजा करा. पाण्याचं मोठं घमेलं, बुंधा, दगडांची रास यांनी एक तृतीयांश जमीन खाल्ली, तर पेटी तेवढी लहान झाली. याची भरपाई भिंतीवर करता येते. मागच्या भिंतीला सालीचे तुकडे किंवा खडबडीत दगडी पोत दिला, आडव्या फळ्या लावल्या, की चढणाऱ्या जातींना तेवढी चाल जास्त मिळते. घोरपडीची पकड आपल्याला सांगायला नको. ॲकी तर दगडी भिंतीवर जमिनीवरच्या इतकाच रमतो.

पायरी ४ : उंचीची बेरीज खालून वर करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बांधून घेणारा माणूस ‘उंची चार फूट पुरे ना?’ असं विचारतो, आपण मान डोलावतो आणि पेटी फसते. उंची अंदाजाने सांगू नका. एक एक थर मांडून बेरीज करा.

सॅव्हानाचं उदाहरण घेऊ. तळाशी माती. हा प्राणी बिळात राहणारा आहे. आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यात तो कडक ऊन आणि कोरडे दिवस जमिनीखाली काढतो. त्याला बीळ खणता आलं पाहिजे आणि खणलेलं बीळ ढासळता कामा नये. त्यासाठी किमान ४५ आणि शक्यतो ६० सेंटिमीटर खोल माती लागते. मादी असेल तर ६० पेक्षा कमी करू नकाच. मॉनिटरची मादी नराशिवायही अंडी धरू शकते, आणि ती घालायला खोल, ओलसर, उबदार माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात. ते जिवावर बेतणारं दुखणं आहे आणि मातीच्या खोलीने ते पुष्कळदा टाळता येतं.

आता मातीच्या वर. ऊन खायची जागा, म्हणजे दगडांचा चौथरा किंवा फळ्यांमध्ये फटी ठेवून रचलेली उतरंड. तिला रेटेस स्टॅक म्हणतात. वरची फळी सर्वांत गरम, खालच्या क्रमाने गार, त्यामुळे प्राणी लपूनही हवी ती ऊब निवडू शकतो. तिला २० सेंटिमीटर धरा. तिच्या माथ्यापासून दिव्यापर्यंत अंतर, किमान ३० सेंटिमीटर. दिवा, होल्डर आणि तारा, २० सेंटिमीटर.

६० अधिक २० अधिक ३० अधिक २० म्हणजे १३०.

सॅव्हानासाठी सगळीकडे ‘आठ बाय चार बाय चार फूट’ हे माप सांगितलं जातं. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. पूर्ण मातीसकट बेरीज केली की ते आठ सेंटिमीटरने कमीच भरतं. म्हणजे त्या मापात एकतर माती कमी पडते, नाहीतर दिवा अंगावर येतो. माझा आग्रह पाच फुटांचा, दीड मीटरचा आहे. वरचा फूटभर खर्च लाकडाच्या हिशेबात किरकोळ असतो आणि नंतर तो वाढवता येत नाही.

झाडावर राहणाऱ्या जातींचा हिशेब वेगळा. एमराल्ड किंवा ब्लू ट्री मॉनिटरला मातीचा खोल थर लागत नाही, झाडं लावण्यापुरती १५ ते २० सेंटिमीटर पुरते. पण उंची १८० सेंटिमीटरच्या आसपास हवी, आणि त्या उंचीत वेगवेगळ्या पातळ्यांवर आडव्या, तिरप्या फांद्या हव्यात. रिकामी उंची काही कामाची नाही. ट्री मॉनिटरची जमीन म्हणजे त्या फांद्या, म्हणून फांद्यांची एकूण लांबी हेच त्याच्या पेटीचं खरं क्षेत्रफळ. अंडी घालायची पेटीही त्याच्यासाठी वर टांगावी लागते.

पायरी ५ : वजन

हा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. ओलसर माती-वाळूचं मिश्रण घनमीटरला साधारण दीड टन भरतं. २४० बाय १२० सेंटिमीटरच्या पेटीत ६० सेंटिमीटर माती म्हणजे सुमारे पावणेदोन घनमीटर. वजन अडीच टनांच्या वर. एका चौरस मीटरवर जवळपास ९०० किलो. राहत्या घराच्या स्लॅबचं गणित सामान्यतः चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वापरभार धरून केलेलं असतं.

म्हणजे खोल मातीची मोठी पेटी वरच्या मजल्यावर ठेवायचीच नाही. ती तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवर हवी. ॲकीची १५० बाय ७५ सेंटिमीटरची पेटी ३५ सेंटिमीटर मातीसह सुमारे सहाशे किलो होते. तीही वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आकडे दाखवा आणि तो सांगेल तिथेच ठेवा. स्टँड बनवणाऱ्यालाही हेच आकडे द्या. ‘सरड्याची पेटी’ एवढंच सांगितलं तर तो कपाटाच्या हिशेबाने पाय लावेल.

पाण्याचंही तसंच. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल हौद म्हणजे हजार लिटर, एक टन.

आता जातीनुसार मापं

वरचे ठोकताळे लावून मी सुचवेन ती मापं अशी. सगळी आतली मापं आहेत, चौकट आणि फळीची जाडी त्यात धरलेली नाही.

ॲकी: १५० लांब, ७५ रुंद, १०० ते १२० सेंटिमीटर उंच, माती ३० ते ४०. पुष्कळ ठिकाणी १२० बाय ६० बाय ६० पुरे असं सांगतात. मी ते करून बघितलं आहे आणि ते पुरत नाही. १८० बाय ९० जमत असेल तर फारच छान.

सॅव्हाना: २४० लांब, १२० रुंद, १५० उंच, माती ६०.

एमराल्ड किंवा ब्लू ट्री मॉनिटर: लांबीचा दुपटीचा नियम इथे तसाच लावत नाही, कारण निम्म्याहून जास्त लांबी शेपटीत जाते आणि हालचाल उभ्या दिशेला होते. १२० ते १५० लांब, ९० रुंद, १८० उंच. हवेतला ओलावा सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत लागतो, त्यामुळे जाळीची पेटी नको.

व्हाइट-थ्रोटेड: ३०० लांब, १५० रुंद, १८० उंच.

नाइल आणि वॉटर मॉनिटर: इथे पेटी हा शब्द सोडून द्यावा लागतो. चार ते पाच मीटर लांब, दोन ते अडीच मीटर रुंद, दोन मीटर उंच म्हणजे ती खोलीच झाली. त्यात प्राण्याला पूर्ण बुडून वळता येईल असा, किमान त्याच्या लांबीएवढा हौद. मॉनिटर पाण्यातच विष्ठा करतात, म्हणून हौदाला तळातून रुंद नळाचा निचरा आणि व्हॉल्व्ह हवाच. बादलीने हजार लिटर उपसायचं आठवड्यात दोनदा, हे महिनाभर होतं, मग पाणी सडायला लागतं. या खोलीत माणसाला उभं राहून शिरता आलं पाहिजे. दोन मीटरच्या प्राण्यासमोर गुडघ्यांवर रांगत जाणं सुरक्षित नाही. त्याचे दात, नखं आणि शेपटीचा फटका तिन्ही जबर असतात. बाहेरचं दार आणि आतलं दार अशी दुहेरी दारं करा, म्हणजे एक बंद केल्यावरच दुसरं उघडेल.

पाणघोरपड माणसाळते, तिला माणूस ओळखू येतो, ती वीसेक वर्षं जगू शकते. म्हणूनच मोह होतो. पण ही खोली देता येत नसेल तर तो प्राणी आपला नाही, इतकं स्पष्ट मला म्हणायचंय.

पायरी ६ : उष्णतेची परीक्षा

पेटी पुरेशी मोठी आहे का, हे शेवटी टेप सांगत नाही, थर्मामीटर सांगतो. सॅव्हाना किंवा ॲकीला ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ५० ते ६५ अंश सेल्सिअस लागतो. आकडा ऐकून दचकायला होतं, पण उन्हात तापलेल्या दगडाला हात लावून बघा. प्राणी तिथे थोडा वेळ थांबतो, तापतो आणि निघून जातो. निघून जाण्यासाठी दुसऱ्या टोकाला २४ ते २८ अंशांची जागा असली तरच हे चालतं.

लहान पेटीत नेमकं हेच होत नाही. एका टोकाला ६० अंश तापवलं की तासा-दोन तासांत हवा सगळीकडे तापते.

प्राणी आणण्यापूर्वी माती भरा, दिवे लावा आणि पूर्ण दिवस चालू ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने दर दोन तासांनी तीन ठिकाणं मोजा: ऊन खायचा दगड, मध्यावरची जमीन आणि गार टोकाची जमीन. मातीत हातभर खालचं तापमान प्रोब खुपसून घ्या. गार टोकाच्या हवेसाठीही साधा प्रोब असलेला थर्मामीटर टांगा, कारण इन्फ्रारेड फक्त पृष्ठभाग मोजतो, हवा किंवा मातीचं पोट नाही. दिवसाच्या शेवटी गार टोक तीसच्या वर गेलं तर आधी हवेची झडप तपासा, मग दिवे. दोन्ही ठीक असतील तर पेटी आखूड आहे.

एक मोठा दिवा लावण्याऐवजी दोन-तीन मध्यम हॅलोजन दिवे शेजारी लावा. ऊन खायच्या जागेची रुंदी प्राण्याच्या पूर्ण धडाएवढी हवी. अंगाचा एकच चट्टा भाजून निघतो आणि बाकीचं शरीर गारच राहतं, असं एकेरी दिव्याखाली मोठ्या मॉनिटरचं होतं. उष्णता कमी पडल्यामुळे तो दिव्याखालून हलत नाही आणि पाठीवर फोड येतात.

बांधणी, थोडक्यात

सबंध काचेची टाकी लहान पिल्लांपलीकडे नको. ती जड असते, उष्णता घालवते आणि वरच्या जाळीतून ओलावा उडून जातो. प्लायवुडला आतून इपॉक्सीचे दोन-तीन हात, किंवा माती येते तिथपर्यंत तळ्याला लावतात तसलं रबरी अस्तर, हा टिकाऊ मार्ग. जाड पीव्हीसी शीटही चालते, पण मातीच्या दाबाने ती फुगते, म्हणून बाहेरून चौकट हवी.

पुढची भिंत मातीच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर वर येऊ द्या आणि दार तिच्यावर बसवा, नाहीतर दार उघडताच माती बाहेर. दाराला टफन्ड काच. तारेची जाळी नको. मॉनिटर तिच्यात नाक खुपसून घासत राहतो आणि वरच्या ओठाची कातडी सोलून निघते. सरकत्या दारांमधली फट पिल्लाच्या डोक्यापेक्षा लहान हवी आणि कुलूप हवंच, कारण सरकतं दार उघडायला हा प्राणी शिकतो.

मातीला किती ओल ठेवायची? शेतकऱ्याला विचारलंत तर तो वाफसा म्हणेल, आणि नेमकं तेच हवं. मूठ दाबली की गोळा व्हावा, अंगठ्याने ढकलला की फुटावा, हाताला चिखल लागू नये. अशा मातीत बीळ टिकतं. कोरड्या वाळूत ते कोसळतं.

पिल्लू मोठ्या पेटीत हरवेल का

हा प्रश्न नेहमी येतो. पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, उघड्या जागेला घाबरतं. मोठ्या पेटीत साली, पोकळ ओंडके, पालापाचोळा, दगडांच्या फटी भरपूर असतील तर ते लहान पेटीपेक्षा लवकर धीट होतं. नवीन आलेल्या प्राण्याला विष्ठेची तपासणी होईपर्यंत ९० ते १२० सेंटिमीटरच्या साध्या पेटीत ठेवणं योग्यच आहे. तिथे ते नीट खातंय का, हेही दिसतं. त्यानंतर थेट कायमच्या एन्क्लोजरमध्ये सोडलं तर बिघडत नाही. फक्त फटी तपासा, पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि खाणं रोज एकाच जागी द्या, म्हणजे शोधाशोध होत नाही.

दोन मॉनिटर एकत्र ठेवायचा विचार सुरुवातीला सोडून द्या. पेटी दीडपट करून तो प्रश्न सुटत नाही. ऊन खायच्या जागा दोन, लपायच्या जागा दोन, एकमेकांच्या नजरेआड जायची सोय, आणि तरीही पटलं नाही तर ठेवायला तयार असलेली दुसरी पेटी, एवढं सगळं लागतं.

आहे ती पेटी लहान पडतेय, हे कसं ओळखायचं

दिवसभर काचेवर नखं ओरबाडणं, एकाच भिंतीपाशी येरझारा, नाकाचा शेंडा सोललेला, शेपटीच्या टोकाला जखम, गार कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून पडून राहणं. उलट टोकही बघा: हलतच नाही, पोट जमिनीला टेकलेलं, शेपटीचं मूळ फुगलेलं. हे शेवटचं लक्षण लोक शांत स्वभाव समजतात. यातलं काही दिसलं तर पेटीचं माप आणि तापमान तपासताना सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यालाही दाखवा, कारण जखम आणि यकृत नुसती पेटी बदलून बरी होत नाहीत.

पायरी ७ : बांधण्याआधी जमिनीवर आखा

सगळे आकडे ठरले की रंगाऱ्याची चिकटपट्टी आणा आणि ज्या खोलीत एन्क्लोजर ठेवायचं तिथल्या फरशीवर बाहेरच्या मापाची चौकट आखा. भिंतीवर उंचीची खूण करा. आत प्राण्याच्या पूर्ण लांबीची एक दोरी टाका आणि ती चौकटीत आडवी फिरवून बघा, कुठे अडते ते कळेल. पाण्याचं भांडं, ओंडका, दगड यांच्या जागी वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. समोर दार उघडायला आणि हातात मातीची बादली घेऊन उभं राहायला मीटरभर जागा उरते का ते बघा. मागे तारांसाठी आणि हवेसाठी वीतभर सोडा. प्लग किती अंतरावर आहे, खोलीचा दरवाजा एवढी मोठी फळी आत येऊ देईल का, की सुट्या भागांत आणून आत जोडावी लागेल, हेही याच वेळी.

ती पट्टी आठवडाभर तशीच राहू द्या आणि घरच्यांना तिच्या आत पाय न ठेवता वावरायला सांगा. कुणाला कपाट उघडता येत नसेल, कुणी रोज चौकट ओलांडून जात असेल, तर कपाट हलवा किंवा दुसरी खोली बघा. तेही शक्य नसेल तर वरच्या यादीत त्या चौकटीत बसणारी धाकटी जात निवडा आणि तिच्या मापाने पुन्हा पट्टी मारा.